न जाळलेली जागा

बावीस वर्षं भोसरीत सर्किटांना डाख दिला.
कंपनी गेली गुजरातेत, हात माझ्याकडे राहिला.
आता त्याच हाताने
शिवणीच्या फळीवर माणसं उमटवते.
नायक्रोमच्या तारेचं वाकवलेलं टोक,
भंगारातल्या पंख्याचा रेग्युलेटर आच कमीजास्त करायला,
आणि खोलीतला पंखा बंद, मे महिना असला तरी,
कारण वाऱ्याने तार निवते आणि रेघ तुटते.

समोरच्या बिऱ्हाडातून रोज एकदा विचारणा होतेच,
"दूध उतू गेलं का हो तुमच्याकडे?"
नाही काकू, कुणाचे तरी केस चाललेत.

रोहिणी थोपटे आईचा फोटो घेऊन आली.
मंदाकिनीबाई. मंडईत लिंबं विकायच्या,
चाळीस वर्षं, एकाच गाळ्यावर.
फोटो लक्ष्मी रोडच्या स्टुडिओतला,
चेहरा सारखा, गव्हाळ,
नुकत्या सारवलेल्या भिंतीसारखा.
"ही नाही," रोहिणी म्हणाली.
"आईला कोड होतं. फोटोवाल्याने भरून काढलं, न विचारता.
वर म्हणाला, याचे वेगळे पैसे नाही घेत."

कुठे कुठे होतं?
तिने स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं.
इथे, ओठाच्या कोपऱ्याशी, वाटाण्याएवढं.
इथे डोळ्याखाली, मग गालावरून जबड्यापर्यंत
ताकाचा ओघळ सुकावा तसं.
आणि ही भुवई, अख्खी.

"गिऱ्हाईक तिच्या हातात पैसे देत नसे,
तराजूच्या पारड्यात टाकायचं.
ती पारडं उचलून ओच्यात ओतायची
आणि म्हणायची, वजन बरोबर आहे."

आमच्या कामात पांढरा रंग नसतो.
पांढरं म्हणजे जिथे मी गेले नाही ती जागा.
आधी काठ राखायचा,
मग टेकवून उचलायचं, टेकवून उचलायचं.
थांबलात तर खड्डा, रेंगाळलात तर काजळी.
ब्लेडने खरवडता येतं थोडंफार,
पण लाकूड लक्षात ठेवतं.

डाग म्हणजे कलंक. डाग म्हणजे चटका.
सराफाच्या पेढीवर डाग म्हणजे दागिना.
मी यातला कोणता देत होते
ते विचारायला कुणी नव्हतं, बरं झालं.

गुरुवारी वीज गेली, कपाळ अर्धं असताना.
फळी खिडकीशी नेली
आणि तेव्हा लख्ख आठवलं:
रोहिणीने बोट ठेवलं होतं डाव्या गालावर.
स्वतःच्या डाव्या.
पण आईचा डावा म्हणून?
की समोर बसलेली आई
तिला डाव्या हाताला जशी दिसायची, तशी?
मी आईचा डावा राखला होता, भुवईसकट.
उजवा कानापर्यंत गडद होऊन गेलेला.
फोन उचलला. ठेवला.
चहा टाकला, तो मात्र खरंच उतू गेला.

शनिवारी ती आली.
बराच वेळ नुसती बघत राहिली,
मग नखाने भुवई चाचपली.
न जाळलेलं लाकूड जरा वर असतं, बोटाला लागतं.
शेवटी मीच विचारलं, बाजू बरोबर आहे ना?

तिचा हात डाव्या गालाकडे गेला,
मग उजव्या,
मग हवेतच राहिला.
"आई माझी वेणी घालायची ना," ती म्हणाली,
"तेव्हा मी तिला आरशात बघायचे.
आणि गाळ्यावर गेले की समोरून."

पुढे काही बोलली नाही. मीही नाही.
पैसे तिने माझ्या हातात दिले, मोजून.
गुंडाळायला मी वर्तमानपत्र पुढे केलं,
ते तिने घेतलं नाही.
फळी छातीशी धरून जिना उतरली,
चेहरा बाहेरच्या बाजूला.

मी पंखा लावला.